जंगल तोडून काजू लावला तर अनुदान, जंगल राखलं तर हातात काहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर दोन वर्षांनी देहरादूनहून भारतीय वन सर्वेक्षणाचा रिपोर्ट येतो आणि मग पेपरात बातमी येते की देशातलं वनक्षेत्र वाढलं, महाराष्ट्राचंही थोडं वाढलं. राज्याचा आकडा साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जे ३३ टक्के ठरवले होते त्याच्या निम्माच, पण वाचणाऱ्याला वाटतं चला, निदान घटत तरी नाहीये. मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो आणि इथे दर उन्हाळ्यात एकेक डोंगर उघडा पडताना बघतोय, मग हे वाढलेलं जंगल आहे तरी कुठे असा प्रश्न पडला म्हणून थोडं खोलात गेलो. आणि जे कळलं ते तुमच्या वाचकांना माहिती असायला हवं असं मनापासून वाटलं.

त्या रिपोर्टात जंगल मोजतात ते सॅटेलाइटवरून. एक हेक्टर किंवा जास्त जागा असेल आणि तिच्यावर झाडांच्या पानोऱ्याचं आच्छादन दहा टक्के किंवा जास्त असेल तर ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कसली, हे बघितलंच जात नाही. म्हणजे आंब्याची बाग, काजूची बाग, रबराची लागवड, सगळं त्यात येतं. आता विचार करा, एखाद्या डोंगरावर ऐन, किंजळ, हेद, नाणा, बेहडा, सातवीण, आंजणी, कुंभा, रानजांभळं, वेली, करवंदीच्या जाळ्या असं सगळं मिळून पिढ्यान्‌पिढ्यांचं रान उभं आहे, ते मुळासकट काढलं आणि तिथे काजूची कलमं लावली, तर पाच-सात वर्षांनी सॅटेलाइटला तो डोंगर परत हिरवा दिसणार. हिशोबात काहीच गेलं नाही. रिपोर्टात खोटं काही नाही, ते त्यांची व्याख्या उघडपणे छापतात, पण त्या आकड्यावर विसंबून आपण निर्धास्त बसलोय हे धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोकणातलं जंगल आहे कोणाचं. गडचिरोली, मेळघाट म्हटलं की सरकारी जंगल, फॉरेस्ट खातं, गार्ड, नाका हे चित्र येतं. इथे तसं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदीच नगण्य आहे, डोंगरावर जे रान दिसतं ते जवळजवळ सगळं लोकांच्या सातबाऱ्यावरचं. आणि सातबाऱ्यावर ते जंगल म्हणून लागलेलं नसतं. वरकस, गवतपड, पोटखराबा असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे सरकारी भाषेत ती निरुपयोगी जमीन. ज्या जमिनीतून खालच्या वाडीची विहीर भरते ती कागदावर खराबा. तिच्यावरचं सगळं साफ करून एकच पीक लावलं की ती लागवडीखाली आली आणि मालक प्रगतशील झाला.

लाकूडतोड कोकणात आज सुरू झालेली नाही, आणि जुन्या लोकांना दोष द्यायचा माझा अजिबात इरादा नाही. पूर्वीही लोक रान तोडायचे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांचे टाळ (फांद्या) काढायचे, सरपण आणायचे, घराला वासे लागायचे, आणि अडीनडीला दहा-पंधरा वर्षांनी अख्खं रान ठेकेदाराला तोडीला द्यायचे. पण तेव्हा तोड व्हायची ती कुऱ्हाडीने आणि बुंधा जमिनीत राहायचा. पहिल्या पावसात त्या बुंध्यांना फुटवे यायचे. ऐन, किंजळ ही झाडं तर अशी चिवट की एका बुंध्याला चार-पाच कोंब फुटतात आणि आठ-दहा वर्षांत परत डोक्याच्या वर रान होतं. जुनं वैभव नाही येत, मोठी फळझाडं नाही येत, पण माती जागेवर राहते आणि बाकीचं हळूहळू येतं.

आता बदललंय ते हे. आधी कटर मशीन येतं, ते चार माणसांचं काम एका दिवसात करतं. ट्रक भरून जळाऊ लाकूड घाटावर जातं. इथपर्यंतही रान परत आलं असतं. पण मागोमाग जेसीबी येतो आणि बुंधे उपटतो. एकदा मी मुद्दाम वर जाऊन बघितलंय, उपटलेले बुंधे एका कडेला ढीग करून ठेवलेले, माणसाच्या कमरेएवढे जाड, मुळ्या वर, आणि मुळ्यांना अजून ओली लाल माती लटकलेली. मग ते पेटवून देतात. मग उतारावर आडव्या पायऱ्या पाडतात, खड्डे मारतात, कलमं येतात, आणि गवत येऊ नये म्हणून दरवर्षी तणनाशक. ती जमीन परत जंगल कधी होणार नाही, निदान आपल्या नातवंडांच्या हयातीत तरी नाही. तोड आणि हे उपटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आपल्याकडे परवानगी देताना, बातमी देताना, चर्चा करताना दोन्हीला वृक्षतोड असा एकच शब्द वापरतात आणि मूळ मुद्दा तिथेच निसटतो.

बरं यात शेतकऱ्याला व्हिलन करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. सातबारा सामाईक, तीस-तीस नावं, त्यातले निम्मे मुंबईला. घरात आजारपण आलं, पोरीचं लग्न आलं, पोराची फी आली की डोंगरातलं रान हीच एक वस्तू विकण्यासारखी असते, ठेकेदार उभ्या जंगलाचा ठोक सौदा करतो, रोख पैसे देतो, आणि खरं सांगायचं तर फारच कमी देतो. त्यानंतर रिकामी जमीन समोर असते आणि शासनाची योजना तयारच असते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात १० हेक्टरपर्यंत लागवडीला अनुदान मिळतं, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. योजना चांगली आहे. १९९० पासून रोजगार हमीतून ज्या फळबागा झाल्या त्यांनी कोकणातल्या कितीतरी घरांना उभं केलं, ते मी नाकारत नाही. पण त्या योजनेच्या मुळाशी कल्पना होती पडीक जमीन लागवडीखाली आणायची. कातळ, सडे, उजाड माळ. आज पडीक म्हणून जी जमीन दाखवली जाते ती गेल्या वर्षीपर्यंत गच्च रान होती की नाही हे कोणी बघत नाही, आणि बघायला अवघड काहीच नाही कारण मोबाइलवर जुनी सॅटेलाइट चित्रं कोणालाही दिसतात.

म्हणजे हिशोब असा झाला की ज्याने रान तोडलं त्याला लाकडाचे पैसे, वर लागवडीचं अनुदान. ज्याने राखलं त्याला शून्य. उलट भाऊबंद म्हणणार, जमीन नुसती पाडून ठेवलीय. असं असताना जंगल टिकावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आणि आता काजूच्या पुढची गोष्ट आलीय, प्लॉटिंग. डोंगरउतार, दरीचा व्ह्यू, वाहता ओढा, अशी जाहिरात करून गुंठ्या-गुंठ्यांनी विक्री चालू आहे. रस्ता काढायला डोंगर कापतात, कापलेली माती खाली ओढ्यात लोटतात, ओढ्याचं तोंड पाइप टाकून बुजवतात. बाग करणारा निदान मातीची काळजी घेतो कारण त्याला पुढची तीस वर्षं त्याच जमिनीवर खायचंय. प्लॉट पाडणारा विकून मोकळा. डोंगरउताराशी खेळायचं नसतं हे ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये आपण बघितलंय, दरडीखाली दीडशेवर माणसं गेली, आणि तेव्हा उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवलं होतं. २०२१ ला तळीये झालं, २०२३ ला इर्शाळवाडी. प्रत्येक दरडीमागे झाडतोडच असते असं मी म्हणत नाही, पाऊसही तसाच ढगफुटीसारखा होता, डोंगरही तसे होते. पण उभ्या उतारावरची मुळं काढून टाकल्यावर माती धरून ठेवायला काय उरतं हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे मध्ये वाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. पण जांभ्याच्या डोंगरावरून पाणी धावतं, त्याला थांबवते ती रानातली पालापाचोळ्याची जाड गादी आणि खोल गेलेली मुळं, तिथे ते मुरतं आणि पुढे मार्चपर्यंत झऱ्यातून थोडं थोडं येत राहतं. रान गेलं की ते सगळं पाणी चार महिन्यांत समुद्रात, आणि जाताना डोंगराची माती घेऊन. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले तेव्हा कुठे गाळ उपसायला सुरुवात झाली. गाळ काढायलाच हवा होता, वाद नाही. पण तो गाळ येतो कुठून हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात किती जणांनी विचारला? वरच्या खोऱ्यातले डोंगर दरवर्षी खरवडले जात असतील तर खाली नदी कितीही वेळा उपसा, ती परत भरणार.

कायद्याबद्दल. मी वकील नाही, पण जेवढं वाचलंय त्यातून एवढं कळतं की कायदे नाहीत अशी परिस्थिती नाही. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला १९८० चा वन संवर्धन कायदा लागू, आणि राज्यांनी तज्ज्ञ समित्या नेमून अशी जंगलं शोधून काढावीत. २०२३ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती केली, त्यामुळे रेकॉर्डवर नसलेल्या अशा जंगलांचं काय होणार ही भीती निर्माण झाली, लोक कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की तूर्त १९९६ चीच व्याख्या पाळा. आता माझा साधा प्रश्न. आमच्या गावातला कुठला सर्व्हे नंबर या व्याख्येत बसतो आणि कुठला नाही, हे गावात कोणाला माहीत आहे? सरपंचाला नाही, तलाठ्याला विचारलं तर वर विचारा म्हणतो, जमीनमालकाला तर नाहीच नाही. जी यादी गावाला दाखवलीच जात नाही तिच्यातून कुठलं जंगल वाचणार?

दुसरा कायदा १९६४ चा, झाडतोड नियमनाचा. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत अशा झाडांच्या यादीत, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस अशी ठरावीक झाडं आहेत. जे लाकूड विकलं जातं त्या बाजूने ती यादी झालीय. बेहडा त्यात नाही, सातवीण त्यात नाही. आता धनेश पक्ष्याचं बघा, आमच्याकडे लोक त्याला गरुडच म्हणतात. त्याला घरटं करायला ढोली असलेलं जुनं, अजस्र झाड लागतं, आणि ते बहुतेक वेळा बेहडा नाहीतर सातवीणच असतं. मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, चोचीएवढी फट ठेवते, आणि तीन-चार महिने नर बाहेरून फळं आणून भरवतो. हे सगळं होतं जानेवारी ते मे च्या दरम्यान. तोडीचा सीझनही नेमका तोच, दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. नर फळ घेऊन आला आणि झाडच नाही, असं खरोखर घडतं. त्या झाडाला लाकूड म्हणून किंमत विशेष नसते, ते नुसतं बागेच्या आड येतं म्हणून जातं.

सिंधुदुर्गातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा हा गोवा-कर्नाटकातून वर राधानगरी, चांदोलीकडे जाणाऱ्या वाघांचा रस्ता. तिथे रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर साफ झाले. हायकोर्टाने २०१३ मध्ये तोडीवर बंदी घातली, मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचे आदेश दिले. मधल्या अकरा वर्षांत बंदी असतानाही तोड चालू असल्याच्या बातम्या किती वेळा आल्या ते तुम्हीच सांगू शकाल. आणि मोठ्या चित्राकडे बघितलं तर पश्चिम घाट कसा राखायचा यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, त्यावर घाटातला भाग संवेदनशील ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे निघाले, जुलै २०२४ चा सहावा. दशकभर नुसते मसुदे, आणि प्रत्येक मसुद्याच्या वेळी गावात अफवा की आता घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, त्यापेक्षा बंदी यायच्या आत तोडून मोकळे व्हा. या घोळानेच किती रान तुटलं असेल याचा विचार करून वाईट वाटतं. गाडगीळांनी तर अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की ग्रामसभांशी बोलून ठरवा, वरून लादू नका. तेवढं सोडून बाकी सगळं झालं.

गावाने ठरवलं तर जंगल राहतं याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत ना. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास जंगल, आणि गाव बांबू विकून उत्पन्नही घेतं आणि जंगलही सांभाळतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल सापडली, मायरिस्टिका स्वॉम्प म्हणतात ती, अतिशय प्राचीन प्रकारची परिसंस्था, क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. ती टिकली कारण देवाची राई म्हणून गावाने तिथे कोयता लावला नाही, आणि आता ती राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलीय. पण आमच्याकडे देवराई म्हणजे चार-दोन एकर, तिच्या चारी बाजूंचं रान गेल्यावर ती एकटी किती दिवस तग धरणार, बिया आणणारे पक्षी येणार कुठून.

म्हणून माझ्या मागण्या आहेत, आणि त्या बंदी घाला अशा नाहीत. नुसती बंदी घातली की काय होतं ते दोडामार्गात दिसलंय.

सगळ्यात आधी अनुदान. ज्या जमिनीवर गेल्या दहा वर्षांत नैसर्गिक जंगल होतं तिथे फळबाग लागवडीचं अनुदान बंद करा. अर्जासोबत जुनं सॅटेलाइट चित्र लावायची अट घाला, कृषी सहायकाला पाच मिनिटांचं काम आहे. खरोखरच्या पडीक जमिनीला, कातळाला, वाटलं तर अनुदान वाढवून द्या, माझी काही हरकत नाही.

आणि ते वाचलेले पैसे जंगल राखणाऱ्याला द्या. हेक्टरी, दरवर्षी, थेट खात्यात, अट एवढीच की बुंधा उपटायचा नाही आणि जमिनीचा वापर बदलायचा नाही. हे स्वप्नरंजन नाहीये. कोस्टारिकासारखा छोटा देश १९९७ पासून खाजगी जंगलमालकांना असे पैसे देतोय, आणि तिथे कायद्याने जंगल दुसऱ्या वापराखाली आणता येत नाही. आपल्या संगमेश्वर भागातही काही वर्षांपूर्वी पर्यावरण संस्थांनी जमीनमालकांशी रान न तोडण्याचे करार करून मोबदला दिलाय, लोकांनी ते पाळलेतही. रक्कम ठेकेदाराच्या रकमेएवढी नसली तरी चालेल, कारण ठेकेदार पंधरा वर्षांतून एकदा येतो, हे दरवर्षी येईल. आमच्या भागातल्या माणसाला मी ओळखतो, त्याला डोंगर बोडका करायची हौस नाही, त्याला मे महिन्यात हातात थोडे पैसे हवे असतात.

तोडीच्या परवानगीत बुंधे ठेवणार की काढणार हा रकाना टाका, आणि तीव्र उतारावर, ओढ्याच्या दोन्ही काठांवर, झऱ्याच्या वर जेसीबी लावायला परवानगीच नको. ढोलीवाली जुनी झाडं, मग ती कुठल्याही जातीची असोत, अनुसूचीत घ्या. १९९६ च्या व्याख्येत बसणाऱ्या जमिनींची सर्व्हे नंबरवार यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, मराठीत, आणि हरकती ग्रामसभेत ऐका. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याप्रमाणे जैवविविधता समिती असायला हवी, बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरमध्ये आहे, नावं ज्यांची आहेत त्यांनाच माहीत नसतं. त्या समितीला परवानगीच्या आधी जागा बघून मत द्यायचा अधिकार द्या, गावातली माणसं सांगतील कुठल्या रानाखाली कुठली विहीर आहे.

मुंबईत राहणाऱ्या आमच्या चाकरमानी भावांनाही एक सांगणं आहे. सामाईक जमिनीच्या तोडीला तुमची संमती लागते, आणि ती संमती हल्ली व्हॉट्सअॅपवर एका अंगठ्याच्या इमोजीने दिली जाते. देण्याआधी फोन करून एवढंच विचारा की नुसती तोड आहे की बुंधे काढणार, आणि त्या रानाच्या खाली कोणाची वाडी आहे.

तुमच्या पेपरलाही विनंती आहे. गणपती झाले की ठेकेदार गावोगाव फिरायला लागतात, सौदे तेव्हाच ठरतात, दिवाळीनंतर कटरचा आवाज सुरू होतो, तेव्हा बातमी करून उपयोग नसतो. त्याच्या आधी तुमच्या तालुक्याच्या बातमीदारांना प्रत्येक तालुक्यात किती तोडीच्या परवानग्या दिल्या, किती क्षेत्राला, त्यातल्या किती जमिनींवर नंतर फळबाग अनुदान किंवा बिनशेती झाली, एवढी माहिती माहितीच्या अधिकारात मागायला सांगा आणि गावांच्या नावांसकट छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जि. रत्नागिरी